पॉवर वीडरच्या इंजिनचे आटे गेलेत, हेलीकॉइल बसवू की मोठा बोल्ट टाकू?

करवीरचा_ऊसकरी
राम राम मंडळी. उसाची बाळभरणी (कोवळ्या उसाला माती लावणं) निम्म्यावर आलीय आणि वीडर बंद पडलाय म्हणून घाईनं लिहितोय. मशीन ७ एचपी पेट्रोल इंजिनचं आहे. इंजिनच्या पुढच्या तोंडावर गिअरबॉक्सचा फ्लँज (जोडणीची चपटी कडा) चार बोल्टांवर बसतो, त्यातला खालचा डावा बोल्ट शेतातच ढिला झाला, आवळायला गेलो तर नुसता गोल फिरतोय आणि काढला तर ॲल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे बोल्टाच्या अंगावर गुंडाळून बाहेर आले. बोल्ट ८ एमएमचा आहे, त्याला काही झालेलं नाही. भोक इंजिनच्या बॉडीतच आहे, म्हणजे बॉडी बदलायची म्हटलं तर अख्खं इंजिन उघडायला लागतंय.

गावातला मेकॅनिक म्हणतोय १० एमएमचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून मोठा बोल्ट टाकू, दुसरा म्हणतोय वेल्डिंगनं भरून नवीन भोक पाडू, आणि शेजारच्यांनी तर एमसील भरायला सांगितलं. हेलीकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, तिच्याबद्दल ऐकून आहे पण कुणाकडं बसवलेलं बघितलं नाही. टिकतंय का? कोल्हापुरात कुठं करून मिळेल? आणि तोवर तीन बोल्टांवर भरणी उरकून घेतली तर चालेल का तेपण सांगा.

राशिवडेकर
तीन बोल्टांवर अजिबात चालवू नका दादा. वीडरचं पातं दगडावर आपटलं की तो सगळा झटका फ्लँजवर येतो. एक कोपरा मोकळा राहिला की फ्लँज श्वास घ्यायला लागतो, मग बाकीच्या तिघांचे आटे पण हळूहळू जातात आणि क्रँकच्या तोंडाचं ऑईल सील मरतं ते वेगळंच. दोन दिवस भरणी मागं गेली तर ऊस काय पळून जात नाही.

पन्हाळा_रोड
जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणून जोर लावून आवळू नका एवढंच सांगतो, उरलेले तीन पण हातात येतील 😀

लेथमास्तर
उसकरी दादा, ड्रिल हातात घ्यायच्या आधी थोडं मोजमाप करा. भोक बंद आहे का आरपार इंजिनच्या आत गेलंय? किती खोल आहे? जुना बोल्ट फ्लँज आणि वॉशर सोडून नेमका किती एमएम आत जात होता? व्हर्नियर असेल तर त्याची शेपटी भोकात सोडून खोली मोजा, नसेल तर तार घालून खूण करा.

हे विचारतोय कारण बऱ्याच वेळा भोक खोल असतंय आणि बोल्ट आखूड असतो. वरचे चार-सहा आटे खाल्ले जातात, खालचे कोरे करकरीत राहतात. तसं असेल तर नुसता लांब बोल्ट टाकला की काम झालं, टॅप नको का हेलीकॉइल नको. ॲल्युमिनियममध्ये ८ चा बोल्ट कमीत कमी १२ एमएम पकडला पाहिजे, १६ मिळाले तर उत्तम. लोखंडात ८ एमएम पकडला तरी निभावतंय, ॲल्युमिनियमला तो हिशोब लावायचा नाही. मी आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर उभा राहिलोय, आटे गेलेल्या दहा कामांत निम्मी तरी आखूड बोल्टाची असत्यात.

फक्त एक, लांब बोल्ट टाकताना तो भोकाच्या बुडाला टेकता कामा नये. टेकला की तुम्हाला वाटतंय आवळला, आणि फ्लँज ढिलाच राहतो.

गावठी_जुगाड
एवढा विचार कशाला करताय? १० चा टॅप मारा, १० चा बोल्ट टाका, विषय संपला. आमच्या भागातली निम्मी मशिनं अशीच चालत्यात. हेलीकॉइल म्हणजे नुसती तार आहे, त्या तारेवर इंजिन लटकवायचं का?

शिरोली_एमआयडीसी
@गावठी_जुगाड, तुमचा राग कळतो पण तार म्हणून तिला कमी लेखू नका. ती स्टेनलेसची तार असते, तिचा छेद गोल नसून चौकटच्या आकाराचा असतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूनं ती ॲल्युमिनियमच्या आट्यात बसते आणि आतल्या बाजूनं बोल्टाला स्टीलचे आटे मिळतात. बसवायच्या आधी ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, आत गेल्यावर दाबून धरते. बाहेरचा व्यास वाढल्यामुळे ॲल्युमिनियमवर पकड पण जास्त जागेवर पसरते. आमच्याकडे मशिनिंगला येणाऱ्या कित्येक ॲल्युमिनियम कास्टिंगमध्ये नव्या मालातच असे इन्सर्ट (हेलीकॉइलसारखे आत बसवायचे आटे) बसवतात, कारण ते बोल्ट पुन्हा पुन्हा काढायचे असतात.

आता ८ एमएम, १.२५ पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर) हेलीकॉइलचा हिशोब. आधी ८.३ चं ड्रिल, मग हेलीकॉइलचाच खास टॅप. हा टॅप साधा नसतो, पिच १.२५ च पण बाहेरचा व्यास साधारण ९.६ एमएम. म्हणजे साधा ९ किंवा १० चा टॅप मारून त्यात ही तार बसत नाही. कॉइल हातानं, बसवायच्या काडीनं फिरवत आत न्यायची, वरच्या तोंडापासून पाव ते अर्धा आटा खाली ठेवायची आणि खालची आडवी शेपटी तोडून बाहेर काढायची.

गावठी_जुगाड
म्हणजे ९.६ पर्यंत मटेरियल तुम्ही पण काढताय की! मग १० एमएममध्ये काय वाईट आहे?

शिरोली_एमआयडीसी
बरोबर पकडलंत, बॉडीच्या भिंतीच्या जाडीत फारसा फरक पडत नाही. फरक पुढं आहे. १० चा बोल्ट टाकला की फ्लँजचं भोक पण मोठं करावं लागतं, म्हणजे तीन बोल्ट ८ चे, एक १० चा, पाना वेगळा. उद्या दुसऱ्या कुणी फ्लँज बदलला की परत ड्रिल घेऊन बसा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे १० चा बोल्ट परत ॲल्युमिनियमच्याच आट्यात फिरणार, तोच रोग परत. तेव्हा १२ चा टाकायला तिथं जागा नसते. हेलीकॉइल खराब झाली तर काढून नवीन बसवता येते.

तुमची पद्धत चुकीची आहे असं नाही. लोखंडी चासीवर, जाड पट्टीवर मी पण १० चाच टाकेन.

गावठी_जुगाड
हां, हे पटलं. चासीचंच काम डोळ्यासमोर होतं.

राशिवडेकर
वेल्डिंगबद्दल कुणी बोललं नाही अजून. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग होतं हे खरं, पण वर्षानुवर्षं ऑईल प्यायलेली बॉडी असते, कितीपण पुसा, तापली की आतून तेल उकळून येतं आणि वेल्डमध्ये फुगे राहतात. त्यात हे भोक क्रँकच्या तोंडाजवळ. एवढी उष्णता दिली की सीलची बैठक आणि फ्लँजचं तोंड वाकडं व्हायची भीती. तुटलेला कान जोडायचा असेल तर वेल्डिंग करा, नुसत्या आट्यांसाठी नको.

आणि एमसील पाईपच्या गळतीसाठी ठीक आहे. इंजिन तापलं, थरथरलं की भुगा होऊन पडेल.

गुऱ्हाळवाले_काका
माझा अनुभव जरा वेगळा आहे, सांगतो. आमच्या गुऱ्हाळावर जुनं संथ फिरणारं डिझेल इंजिन हाय, वडिलांच्या काळातलं. त्याचे बोल्ट सगळे इंची. एकदा नवीन पोरगा अडीच सुती भोकात ८ एमएमचा बोल्ट घालत होता. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ एमएम, डोळ्यानं काय फरक कळणार? पण इंची व्हिटवर्थमध्ये इंचाला १८ आटे आणि ८ एमएममध्ये साधारण २०. दोन-तीन फेरे हातानं जातोय आणि मग घट्ट होतोय, पोराला वाटलं गंजलंय म्हणून त्यानं पान्याला पाईप लावला. बिडाच्या बॉडीचे आटे बाहेर आले. आट्याचा कोन पण वेगळा, व्हिटवर्थ ५५ अंशाचा, मेट्रिक ६० चा.

तेव्हापासून आमच्याकडं नियम हाय, बोल्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटानं फिरला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळणीला. ऊसकरी तुम्ही पण बघा, दुसऱ्या चांगल्या भोकात तोच बोल्ट बोटानं पूर्ण जातोय का.

शिरोली_एमआयडीसी
काकांनी फार महत्त्वाचं सांगितलं. वीडरवर येणाऱ्या या जातीच्या इंजिनांत पण काहींच्या पुढच्या तोंडावर ८ एमएम १.२५ ची भोकं असतात, काहींच्या ५/१६ ची, इंचाला २४ आटे. टॅप विकत घ्यायच्या आधी पिच गेज लावून बघा.

लेथमास्तर
काका, बिडाच्या भोकाचं काय केलं मग?

गुऱ्हाळवाले_काका
बुश ठोकलं मास्तर. भोक मोठं करून त्यात आटे पाडले, लेथवरून बाहेर-आत दोन्हीकडं आटे असलेलं बुश करून आणलं, आत फिरवलं आणि कडेला एक बारीक ग्रब स्क्रू मारला म्हणजे बोल्टाबरोबर बुश बाहेर यायला नको. अजून तसंच चाललंय, यंदाच्या हंगामात पण गूळ काढला त्याच्यावर.

माळावरची_ताई
विषयाला थोडा फाटा फोडते. आमची रोपवाटिका आहे आणि दोन ब्रश कटर आहेत. ज्यांच्याकडं नवीन माणसं काम करतात त्यांच्यासाठी लिहिते, ब्रश कटरच्या पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या सवयीनं सोडवायला डावीकडं फिरवला की तो अजून घट्ट होतो, माणूस अजून जोर लावतो आणि शाफ्टचे आटे जातात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की तो सुटतो. आम्ही आता गिअर हेडवर पिवळ्या ऑईल पेंटनं बाणच काढून ठेवलाय आणि हेडच्या भोकात घालायची पिन दोरीनं तिथंच बांधलीय.

राशिवडेकर
बाणाची आयडिया एक नंबर ताई. आजच काढतो.

शिरोळकर
आमच्याकडं आटे जायचं कारण म्हणजे पूर. २०१९ ला आणि परत २०२१ ला, दोन्ही वेळेला मोटारी, इंजिनं, नांगर सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर लोक पहिल्याच दिवशी पाने घेऊन बसले आणि बोल्ट तुटत गेले. गंजलेला बोल्ट तुटला की मग आट्यांचं दुखणं डबल, आधी आतला तुकडा काढा, मग आटे दुरुस्त करा.

जे घाई न करता बसले त्यांचं वाचलं. गाळ धुवायचा, तारेच्या ब्रशनं बोल्टाभोवतीचा गंज काढायचा, डिझेल किंवा गंजावरचं तेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी परत सोडायचं, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं हलके ठोके द्यायचे. मग थोडा सैल, थोडा घट्ट असं हलवत काढायचा. एका दमात सोडवायला गेलं की मान तुटलीच.

लेथमास्तर
@शिरोळकर, तुटलेला तुकडा ॲल्युमिनियमच्या बॉडीत असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारायचा. स्टीलचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, फक्त बोल्टाला धरतोय, आणि त्या उष्णतेनं तुकडा मोकळा पण होतो. मात्र तेलाच्या अंघोळीनंतर आणि पेट्रोलची टाकी जवळ असताना वेल्डिंग करायचं नाही, आधी सगळं पुसून टाकी उतरवून ठेवा. इझी आऊट (तुटलेला बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) वापरताना जीव मुठीत धरून वापरा, तो आत मोडला तर त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही, मग स्पार्क मशीनवाल्याकडंच (ठिणगीनं धातू खाणारं मशीन) जायला लागतंय.

करवीरचा_ऊसकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे मोजलं. भोक बंद आहे, २२ एमएम खोल. बोल्ट जेमतेम ९ एमएम आत जात होता! मागच्या हंगामात एका वर्कशॉपला सर्व्हिसिंगला दिलं होतं तेव्हा बोल्ट नवे टाकले होते, आणि जाड स्प्रिंग वॉशर पण घातलेत, त्यामुळं आत जाणारी लांबी अजून कमी झाली. उरलेल्या तीन भोकांत बोल्ट शेवटपर्यंत बोटानं जातो, पिच गेज लावून १.२५ च आहे हे पण बघितलं, म्हणजे मेट्रिकच.

टॉर्च मारून बघितलं तर गेलेल्या भोकात खालचे आटे दिसतायत पण मधे कचरा अडकलाय. लांब बोल्ट टाकून बघू का?

लेथमास्तर
आधी कचरा काढा. हवा मारा पण चष्मा लावून, भोकातली हवा उलटी डोळ्यात येते. मग ८ चा टॅप हातानं, अगदी हलक्या हातानं घाला. तीन टॅपचा सेट असतो त्यातला पहिला निमुळता असतो, तो सरळ धरायला सोपा, पण बुडाचे आटे साफ करायला शेवटचा लागेल. रॉकेलचे दोन थेंब सोडा, ॲल्युमिनियमला रॉकेल चांगलं. बिडाला मात्र कोरडंच टॅप करायचं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. खाली टॅपला १२ एमएम चांगली पकड लागली तर लांब बोल्ट टाका आणि निवांत भरणी करा. त्यापेक्षा कमी लागली तर इन्सर्टच.

शिरोली_एमआयडीसी
आणि इन्सर्ट करायची वेळ आली तर हातातल्या ड्रिल मशीननं करू नका ही विनंती. हेलीकॉइलचं काम बिघडतं ते तारेमुळं नाही, वाकड्या भोकामुळं. भोक जरा तिरकं गेलं की फ्लँजमधून बोल्ट सरळ लागत नाही. गिअरबॉक्स उतरवून इंजिन ड्रिल प्रेसच्या टेबलावर सरळ बांधायचं, जुन्या भोकाचा मध्य पकडून ८.३ चं ड्रिल खाली सोडायचं आणि खोलीचा स्टॉपर लावायचा. बंद भोक आहे, ड्रिल बूड फोडून क्रँककेसमध्ये गेलं तर तेल गळायला लागेल. जवळच्या सीलवर कापड लावून टेप मारा म्हणजे बुरादा आत जाणार नाही.

पन्हाळा_रोड
हा धागा प्रिंट काढून वर्कशॉपात लावण्यासारखा झालाय.

माळावरची_ताई
स्प्रिंग वॉशरबद्दल कुणीतरी सांगा ना. ते काढून टाकायचे का? मग बोल्ट थरथरून सुटणार नाही का?

शिरोली_एमआयडीसी
ताई, बोल्टाला धरून ठेवतो तो त्याच्यातला ताण. बोल्ट बरोबर आवळला की तो किंचित ताणला जातो, तो ताण जोडाला दाबून धरतो. आटेच ९ एमएमचे असतील तर तेवढा ताण द्यायच्या आधीच आटे बाहेर येतात, मग खाली कितीपण वॉशर घाला. इथं मी साधा जाड सपाट वॉशर आणि आट्यांवर निळं लॉकटाईट (आटे धरून ठेवणारा गोंद) सुचवेन. निळं पान्यानं सुटतं, लाल गरम केल्याशिवाय सुटत नाही, म्हणून लाल नको. आट्यांवर आधीचं तेल-ग्रीस असेल तर ते पेट्रोलनं धुऊन वाळवा, तेलावर लॉकटाईट धरत नाही.

आवळताना ८ च्या बोल्टाला ॲल्युमिनियममध्ये साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर आखूड रिंग पाना घ्या आणि चारही बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत न्या, एकच कोपरा आधी पूर्ण आवळायचा नाही.

गावठी_जुगाड
मी आमच्या चासीचे बोल्ट पण आज काढून बघितले, दोन आखूड सापडले. बदलून टाकले.

करवीरचा_ऊसकरी
काम झालं, सांगायला आलोय. टॅप घालून बघितला तर गेलेल्या भोकात खाली फक्त सहा-सात एमएम आटे चांगले होते, आणि त्याच्या शेजारचं भोक पण टॅपच्या पहिल्याच फेऱ्यात मऊ लागलं, म्हणजे ते पण जायच्या वाटेवर होतं. मग धोका घेतला नाही. उद्यमनगरात एका जुन्या वर्कशॉपात इंजिन घेऊन गेलो, त्यांनी ड्रिल प्रेसवर बांधून दोन्ही भोकांत १६ एमएम लांबीच्या हेलीकॉइल बसवल्या. समोर उभं राहून बघितलं. कारागिरानं ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण केली होती, टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं होतं म्हणजे बुरादा त्याला चिकटून बाहेर येतो. शेपटी तोडून लांब नाकाच्या पकडीनं बाहेर काढून माझ्या हातात दिली, आत राहिली नाही याची खात्री म्हणून. एवढं मन लावून काम करणारा माणूस बघितला की बरं वाटतं.

चांगल्या दोन भोकांत लांब बोल्ट टाकले, सगळीकडं जाड सपाट वॉशर आणि निळं लॉकटाईट. भरणी सुरू आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर पाना लावून बघितला, एकपण बोल्ट हलला नाही.

राशिवडेकर
मस्त. फक्त लॉकटाईट लावलंय तर रोज पाना लावून बोल्ट फिरवू नका, जमलेला थर तुटतो. बोल्टाच्या डोक्यावरून फ्लँजवर पेंटची एक रेघ ओढा. रेघ मोडलेली दिसली तरच पाना काढायचा.

करवीरचा_ऊसकरी
हे चांगलं सांगितलं, ताईंच्या पिवळ्या पेंटचा डबा मागवतो 😀

माळावरची_ताई
डबा घेऊन जा दादा, पण त्या आधी माझं एक काम. एका ब्रश कटरला स्पार्क प्लगचे आटे सैल झालेत, प्लगच्या बाजूनं काळं तेल येतंय. टू स्ट्रोक आहे. त्याला पण हेलीकॉइल बसेल का?

लेथमास्तर
बसतंय ताई. बहुतेक टू स्ट्रोक ब्रश कटरचा प्लग १४ एमएम, १.२५ पिचचा असतो, त्या मापाचा इन्सर्टचा सेट मिळतो. पण दोन गोष्टी. इंजिनवर ठेवून टॅप मारू नका, बुरादा खाली क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला तर इंजिन जाईल. सिलिंडर खोलून टेबलावर घ्या आणि बसवताना खालचं गॅस्केट नवीन टाका. दुसरं, इन्सर्टची लांबी. या प्लगचा आट्यांचा भाग आखूड असतो, बऱ्याच जणांचा ९.५ एमएमच. मोटारसायकलच्या प्लगसाठीचा लांब इन्सर्ट बसवला तर त्याचं टोक आत डोकावतं, तापून लाल होतं आणि पिस्टनला पण लागू शकतं. जुना प्लग सोबत घेऊन दुकानात जा, त्याच्या आट्यांच्या लांबीला इन्सर्ट लावून बघा आणि मगच घ्या.